नऊ फॅटची म्हैस

माझा आवाज मोठा आहे हे गावाला माहीत आहे, शिवेला माहीत आहे, आणि शिवेपलीकडच्या गावानंही एक-दोनदा निरोप धाडलाय की जरा हळू. जन्मभर फाउंड्रीत इलेक्ट्रिशियन होतो. भट्टीशेजारी उभं राहून, सगळी यंत्रं धडधडत असताना, पलीकडच्या टोकाच्या माणसाला "मेन बंद कर" म्हणून सांगायचं तर घसा पोलादाचा लागतो. मी निवृत्त झालो तेव्हा कंपनीनं मला घड्याळ दिलं आणि माझ्या जागी भोंगा विकत घेतला. यातलं अर्धं खोटं आहे. घड्याळ दिलं नव्हतं.

गडमुडशिंगीत मला सगळे वायरमन म्हणतात. घरात मी, बायको आणि दोन म्हशी, त्यातली एक दुभती. गच्चीवर दोन बांबूंच्या मधे एक लांबलचक तार. ती बघून गावानं आधीच ठरवून टाकलंय की मी कुणाचा तरी हेर आहे. कुणाचा, यावर अजून एकमत व्हायचंय. खरी गोष्ट एवढीच, की मी हौशी रेडिओवाला. सरकारी परीक्षा देऊन परवाना काढलाय, बोलायचा आणि ऐकायचा एक सेट आहे, आणि रोज सकाळी साडेसहाला देशभरातली माझ्यासारखी रिकामी माणसं हवेवर भेटतात. हवापाणी, तब्येत, कुणाचा आवाज कसा येतोय, बस्स. ज्यांना घरात कुणी बोलू देत नाही असे पुष्कळजण त्यात असावेत, असा माझा संशय आहे.

माझ्या परवान्याला पन्नास वॅटची मर्यादा. पन्नास वॅटवर माझा आवाज कधी जायचा, कधी वाटेत बसायचा. ज्या माणसाचा आवाज भट्टीला भ्याला नाही, त्याला रोज पलीकडून "जरा पुन्हा सांगा, कळलं नाही" ऐकावं लागायचं. हे मला सोसवेना.

राजारामपुरीत, एक कोचिंग क्लास आणि एक दातांचा दवाखाना यांच्या मधल्या फटीत, माझ्या मित्राचं दुकान आहे. आधी टीव्ही दुरुस्त करायचा, आता मोबाईल. तोही रेडिओवाला. त्याला म्हटलं तेव्हा तो उडालाच.

"मर्दा, पन्नासवर काय बोलतोस? त्यापेक्षा गच्चीवर चढून वरड की! ठेव सेट हितं. ह्येच्या पोटात एक स्क्रू हाय, तिळाएवढा. तो अर्धा आटा फिरवला की तुझा सेट बैल हुतोय बैल."

सेट ठेवला. पण मित्र झाला तरी त्याच्या दुकानात सुट्ट्या भागांची चणचण असते, आणि माझ्या सेटमधला एकेक भाग जुना, अस्सल. त्यानं आतला चांगला माल काढून भंगार घातलं तर? म्हणून सेट द्यायच्या आधी मी झाकणाच्या चारी स्क्रूंवर बायकोच्या लाल नेलपॉलिशचे ठिपके देऊन ठेवले होते. झाकण उघडलं की ठिपका फुटणार.

आठ दिवसांनी सेट परत मिळाला. ठिपके जसेच्या तसे. मग तर काहीतरी गोलमाल आहे अशी माझी खात्रीच पटली. न उघडता काम केलं कसं?

"असा काय बघतोस?" मित्र म्हणाला. "शेजारच्या पार्लरमधनं त्याच रंगाची बाटली आनली आनि पुन्हा लावलं. तुझा स्वभाव मला ठाऊक न्हाय व्हय?"

त्यानं स्क्रू फिरवला होता. माईकच्या आतल्या बाजूला एक छोटी पट्टी बसवली होती, तिनं कुजबुज केली तरी पलीकडं ओरडल्यासारखं जायचं. आणि मी तर कुजबुज कधी केलेलीच नाही. तिसरं काम हुपरीत झालं. सेट आणि गच्चीवरची तार यांच्या मधे एक गुंडाळी लागते. रेडिओची ताकद तारेच्या पोटातून जात नाही, कातडीवरून पळते. म्हणून कातडी चांदीची असेल तर वाटेत काही सांडत नाही. माझा मेहुणा हुपरीत घरीच पैंजण करतो. त्याच्याकडून चांदीची तार ओढून घेतली आणि बाटलीभोवती बारा वेढे दिले.

"दाजी, घुंगरं लावू का?" एवढंच त्यानं विचारलं.

चांदी खरी होती का, हा संशय माझ्या मनात अजून आहे. मेहुणाच तो.

पण काय सांगू! पहिल्या सकाळी मी नुसतं "नमस्कार" म्हटलं तर आसामातला माणूस म्हणाला की त्याच्या टेबलावरचा चहा हलला. एकानं विचारलं की तुम्ही आमच्याच गल्लीत राहायला आलात का. वॅट किती होते ते मी लिहिणार नाही. मित्र सव्वाशे म्हणतो. पण मी वाढवून सांगतो हे सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा या बाबतीत माझ्या लिहिण्यावर कुणी भरवसा ठेवू नये.

आता आमच्या घराची रचना सांगितली पाहिजे. रेडिओच्या खोलीची भिंत आणि गावच्या दूध संस्थेची भिंत एकच. सकाळी सहा ते आठ तिथं दूध घेतात. प्रत्येकाच्या दुधाचा चमचाभर नमुना फॅटच्या मशीनला लावायचा, मशीन आकडा दाखवणार, त्या आकड्यावर दुधाचा दर. म्हणजे अख्ख्या गावाचं लक्ष त्या एका आकड्यावर.

संस्थेची सचिव एक बाई. विहाराच्या गल्लीतली, बी.कॉम. झालेली, तिशीची असेल. तिच्याआधी चेअरमनचा पुतण्या त्या खुर्चीवर होता. तो दार आतून लोटून घेऊन फॅट बघायचा आणि खिडकीतून आकडा सांगायचा. तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. ही बाई आली आणि गावाला एकदम पारदर्शक कारभाराची आठवण झाली. आकडा आमच्या डोळ्यांसमोर दिसला पाहिजे! मग मशीन आत ठेवून आकड्यांचा डबा बाहेरच्या भिंतीवर टांगला, आणि दोघांच्या मधे तीस-पस्तीस फूट वायर ओढली. ती ओढायचं काम फुकटात मीच केलं. आमच्या सामाईक भिंतीवरून, वर छपराकडनं, झकास.

साडेसहाला मी सेट चालू करून "हॅलो" म्हटलं की बायको तडक किटली उचलायची.

"तुमचं कीर्तन सुरू झालं. मी जातो डेअरीत," म्हणायची. आमच्याकडं बायकाही जातो-येतोच म्हणतात. आधी ती सातला जायची. नव्या सेटचा आवाज घरात मावेना तेव्हापासून ठीक साडेसहाला निघायला लागली.

आणि आमच्या म्हशीचं फॅट चढायला लागलं. साडेसहा देणारी म्हैस आठवर गेली, मग साडेआठ, आणि एका सकाळी नऊ! बायको घरी आली ती पाटलीणबाईसारखी.

"सरकीची पेंड बदलली न्हवं मी? अंगाला लागली," ती म्हणाली.

मी म्हशीकडं बघितलं. म्हैस माझ्याकडं बघत होती. तिलाही पटलेलं दिसत नव्हतं.

नऊ फॅटची बातमी गावात दुपारपर्यंत पोचली. संध्याकाळी तिघेजण म्हैस बघायला आले. एकानं तिच्या शेपटीचा गोंडा तपासला, एकानं दाव्याखाली काही पुरलंय का बघितलं, आणि तिसऱ्यानं गव्हाणीतली मूठभर पेंड गुपचूप खिशात घातली. दुसऱ्या दिवशी बोलणं सुरू झालं, की मशीन काय आपोआप चढत नाही, सचिव बाई आणि वायरमनची बायको यांचं काहीतरी आहे. रोज फॅट चढतं तेव्हा मशीनपुढं कोण? वायरमनची बायको. तिच्या मागच्या दोघा-तिघांनाही कधीमधी आठ-साडेआठ लागायचं. ते मात्र पावती घडी करून खिशात घालायचे आणि याविषयी एक अक्षर बोलायचे नाहीत.

सचिव बाई आमच्या घरी आली. दारातच उभी राहिली.

"काकू, खरं सांगा, दुधात काय घालताय?"

"मी काय घालणार? तूच मशीन दाबत असशील."

"मी दाबलं असतं तर माझ्या आईच्या दुधाला दाबलं असतं की. तिला सहाच्या वर कधी लागलं न्हाय."

दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. मी मधे पेपर धरून बसलो होतो. पेपर उलटा होता हे मला नंतर कळलं.

माझा संशय पेंडीवर होता, मग मेहुण्यावर गेला, कारण त्यानं मधे दोन दिवस म्हशी बघितल्या होत्या. माझ्यावर तो गेला नाही. माणूस स्वतःवर संशय घेत नाही. संशय घ्यायला एवढी माणसं आजूबाजूला असताना गरजही पडत नाही.

मग बायको दोन दिवस माहेरी गेली. सकाळी दूध घेऊन मीच गेलो. साहजिकच हवेवर नव्हतो. फॅट लागलं साडेसहा. दुसऱ्या दिवशीही साडेसहा. तिसऱ्या दिवशी बायको आली, किटली घेऊन गेली, मी माईक घेतला. ती परत आली: नऊ.

मी माईक खाली ठेवला. फाउंड्रीत जन्म घालवलेल्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही. तीस-पस्तीस फूट वायर, माझ्याच हातानं ओढलेली, गच्चीवरच्या माझ्या एरियलला समांतर. वायर कसली, दुसरं एरियलच! माझा आवाज भिंतीतून त्या वायरमध्ये शिरत होता आणि डब्याच्या आकड्यांवर जाऊन बसत होता.

मित्राला फोन लावला.

"गप बस," तो म्हणाला. "पन्नासचा परवाना, आनि आत काय केलंय ठाऊक हाय न्हवं? बोललास तर परवाना जाईल, सेट जाईल, आनि माझंबी नाव निघंल. म्हैस हाय म्हन, देवाची कृपा हाय म्हन."

मी गप्प बसलो. मी आणि गप्प! चार दिवस. सकाळी हवेवर गेलो नाही. फॅट पुन्हा साडेसहावर. मला वाटलं, मिटलं.

कसलं मिटतंय! गावाचा संशय दुप्पट झाला. आरडाओरडा झाल्याबरोबर फॅट उतरलं, म्हणजे बाईनंच घाबरून हात आखडता घेतला. आणखी पुरावा कशाला पाहिजे? चेअरमननं रविवारी सभा लावली. विषय एकच होता, सचिवांचा राजीनामा. पुतण्या त्या दिवसापासून इस्त्रीचा शर्ट घालून संस्थेसमोर उभा राहायला लागला.

शनिवारी दुपारी बाई पुन्हा आली. बायको शेतावर गेली होती. हातात शाळेची वही.

"काका, मी महिनाभराच्या वेळा लिहून काढल्यात. फॅट चढलं ते सगळं साडेसहा ते सात. सहाला न्हाय, साडेसातला न्हाय. काकू नसताना न्हाय. गेल्या चार दिवसांत न्हाय." तिनं वही मिटली. "साडेसहाला तुमी काय करताय?"

"योगासनं," मी म्हटलं.

"एवढ्या मोठ्यानं?"

ती भिंतीकडं बघत होती, मग वर, जिथून वायर जाते तिकडं, मग गच्चीकडं. तिला सगळं कळलं होतं. पण तिच्याजवळ वही होती, आणि गावात वहीवर कोण विश्वास ठेवतो?

"मी चोर न्हाय, काका," ती म्हणाली. "पन एकदा चोर म्हनून ह्या खुर्चीवरनं उठलो तर दुसरी खुर्ची मला कोन देनार? पुतण्याला मिळंल. मला मिळनार न्हाय."

ती गेली. मी चांदीच्या गुंडाळीकडं बघत बसलो. बारा वेढे. आसामातला चहा हलवणारा आवाज, आणि चार शब्द बोलायचे तर तोंड उघडत नाही.

रविवारी दूध घेऊन झाल्यावर संस्थेच्या अंगणात सतरंजी टाकली. चेअरमननं प्रास्ताविक केलं. बाईवर आमचा काही राग नाही, पण विश्वासाचा प्रश्न आहे, वगैरे. पुतण्या मान हलवत होता. बाई भिंतीला पाठ लावून उभी, वही छातीशी.

मी उभा राहिलो.

"फॅट मी घालतोय," मी म्हटलं.

सतरंजीवरची सगळी डोकी वळली. बायकोनं पदर तोंडाला लावला.

"कशातनं?" चेअरमननं विचारलं.

"तोंडातनं."

"वायरमन, सकाळी सकाळी काय घेतलंयसा का?"

"मी घरात बोललो की हितला आकडा चढतोय. रेडिओमुळं. बाईंचा त्यात काय बी संबंध न्हाय."

मागनं कुणीतरी म्हणालं, "बघा, हेर हाय म्हटलं न्हवतं मी?" दुसरा म्हणाला, "बाईला वाचवायला बोलतंय. ह्येच्याच बायकोला फॅट मिळत होतं की." म्हणजे मी खरं सांगितलं तर तो नवा संशय! जन्मभर थापा मारल्याचं फळ मला त्या सतरंजीवर मिळालं.

तेव्हा बाई पुढं झाली. "दूध नको," ती म्हणाली. "पानी लावू. पान्यात फॅट नसतंय हे तरी सगळ्यांना मान्य हाय का?"

मान्य झालं. त्यातही एकजण म्हणाला की पाणी संस्थेच्या नळाचं नको, कुणाच्यातरी घरातलं आणा. चेअरमनच्या घरातून तांब्या आला. बाईनं सगळ्यांसमोर नमुना मशीनला लावला आणि हात वर करून आठ पावलं मागं सरकली. डब्यावर शून्य.

मी घरात गेलो. सेट चालू केला. खिडकी उघडी, बायको कुंपणाशी उभी राहून सांगणार. माईक तोंडाशी धरला आणि हवेवर कुणी आहे का म्हणून हाक दिली. जशी रोज देतो तशी.

"तीन!" बायको ओरडली.

मी आवाज आणखी चढवला.

"पाच! साडेपाच!"

मग मी माझा भट्टीवरचा आवाज काढला. तो निवृत्तीनंतर काढलाच नव्हता. गोठ्यात म्हशी उठून उभ्या राहिल्या. छपरावरची कबुतरं उचगावकडं गेली ती अजून आली नाहीत. आणि अंगणातून असा गलका झाला की कुस्तीत कुणी चितपट झालं असावं.

"नऊऽऽ! पान्याला नऊ!" ही चेअरमनची आरोळी होती.

मी गप्प झालो तसा आकडा शून्यावर आला. पुन्हा बोललो, पुन्हा नऊ. दोन शिव्या देऊन बघितल्या अशी अफवा आहे. त्या मी माईक बंद करून दिल्या. तेवढ्यात सेटवर कुणीतरी हुबळीकडचा हाक ओळखून उत्तर द्यायला लागला. "तुमच्या मागं कसला गोंधळ आहे? लग्न आहे का?" मी म्हटलं, नाही, फॅट काढतोय. तो लगेच निघून गेला. त्याचा माझ्याविषयी काय समज झाला असेल तो असो.

बाहेर आलो तर चेअरमन डब्याखाली हात घालून बघत होते, आत आणखी काय आहे का. पण ठराव झाला. सचिवांचा काही दोष नाही, असं इतिवृत्तात लिहिलं गेलं, आणि ते बाईनं स्वतःच्या अक्षरात लिहिलं. शेवटच्या ओळीखाली तिनं रेघ इतकी जोरात ओढली की पुढच्या पानावर उमटली. पुतण्या इस्त्रीचा शर्ट घेऊन घरी गेला. आम्हाला लागलेलं जास्तीचं फॅट संस्थेनं पुढच्या दुधातून वळतं करून घेतलं. बायको अजून म्हणते की त्यातलं थोडं पेंडीचं होतंच.

मला वाटलं, आता डबा आत घेतील आणि वायर निघेल. छे! डबा आत घेतला तर पुन्हा दार लोटून कोण काय करेल याचा भरवसा काय? डबा बाहेरच राहिला. मी सेट राजारामपुरीला नेला. मित्रानं शिव्या देत देत स्क्रू मूळ जागेवर आणला, पट्टी काढली आणि माझा आवाज आत शिरू नये म्हणून त्या वायरवर चढवायला लोखंडी भुकटीच्या दोन कड्या दिल्या. त्या मी बसवल्या. बाईनं पुन्हा तांब्याभर पाणी लावून बघितलं. पन्नासवरसुद्धा, मी घसा सोडला की पाण्याला दोन पॉइंट चढायचे.

"काका, असं न्हाय जमायचं," ती म्हणाली. "माईक हितं आनून द्या."

तेव्हापासून रोज सकाळी सहाला मी माझा माईक संस्थेत नेऊन देतो. फॅटच्या मशीनच्या वर एक खिळा आहे, त्याला बाई तो अडकवते. आठला शेवटची किटली झाली की फडक्यानं पुसून परत देते. तोवर हवेवरची सगळी मंडळी आपापल्या चहाला गेलेली असतात. मी उरल्यासुरल्यांशी बोलतो. वाटेत कुणीतरी गाठतंच. परवा एक म्हातारा किटली सावरत जवळ आला आणि हळूच म्हणाला, "वायरमन, आमची पाळी आली की नुसतं एक हॅलो म्हना की. कोन बघतंय?" मी चार हात लांब झालो, कारण त्याला बाईनंच पाठवलं नसेल कशावरून?

ती अजून माझ्यावर नजर ठेवून आहे. काल माईक खिळ्याला लावताना थांबली.

"काका, दुसरा माईक न्हाय न्हवं तुमच्याकडं?"

"आईशप्पत न्हाय," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडं बघितलं, मग वही काढून काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते दाखवलं नाही. घरी येऊन मी तांदळाच्या डब्यात हात घालून दुसरा माईक चाचपला. आहे. पण बाहेर काढून बघितला तर त्याच्या बटणाच्या फटीवर नेलपॉलिशचा एक लाल ठिपका होता, आणि तो मी लावलेला नव्हता. बायको चुलीपुढं पाठ करून बसली होती. मी डबा बंद केला आणि आठ वाजायची वाट बघत बसलो.